नानांची जुनी सिस्टिम

कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई आली की लोक दार उघडून आधी तिच्या मागे बघतात. मागून कुणी साहेब जिना चढतोय का, ते. नाशिक रोडच्या कॉलन्यांमध्ये मी पंचवीसेक वर्षं ही बॅग खांद्याला लावून फिरले, त्यातली निदान पंधरा वर्षं हाच संवाद झाला.

"कोण हवंय?"

"कॉम्प्युटर बघायला आलेय."

"हो का. मग ते कधी येतील?"

"ते येणार नाहीत. त्यांना टीव्हीचा रिमोटसुद्धा मीच लावून देते."

यानंतर बहुतेक घरांत चहा जरा लवकर येतो. ओशाळल्यावर माणसं चहा छान करतात, हा माझा अनुभव आहे. पण चहा झाला तरी घरातला एखादा पुरुष माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहतोच आणि मध्येच विचारतो, "जमेल ना तुम्हाला?" या तीन शब्दांनी माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं कुठल्याही व्हायरसने फिरलेलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या रागापायी झालं.

आता धंद्याबद्दल थोडं. कॉम्प्युटरला चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आम्ही नुसतं सिस्टिम म्हणतो. ती दर काही वर्षांनी नवी निघते. नवी निघाली की जुनी तुम्हाला रोज सकाळी विनवणी करू लागते, की आता मला निवृत्त करा आणि नवी घ्या. दहा नंबरची जाऊन अकरा नंबरची आली तेव्हापासून माझा निम्मा धंदा पुढे गेलेल्या लोकांना मागे आणण्याचा झाला आहे. लोक एका बटणाने पुढे जातात आणि मग त्यांचा प्रिंटर मुका होतो, जुने प्रोग्रॅम उघडत नाहीत, मशीन बैलगाडीच्या चालीने चालू लागतं. मग मला फोन येतो.

मागे येण्याची सोय असते, नाही असं नाही. नवं घर घेतलं तरी जुन्या घराची किल्ली काही दिवस आपल्याकडे असते ना, तसं नवी सिस्टिम बसली तरी जुनी दहा दिवस एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली असते. त्या दहा दिवसांत एक बटण दाबलं की जसं होतं तसं परत. दहा दिवस उलटले की मशीन ती गुंडाळी स्वतःच फेकून देतं. हे कुणाला माहीत नसतं, आणि माहीत झालं तर अकराव्या दिवशी होतं.

जेल रोडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर दहा दिवसांचीही वाट बघितली नाही. नवरात्राच्या आधी घर आवरताना त्यांनी कॉम्प्युटरही आवरायला घेतला. त्यात एक भलंमोठं फोल्डर दिसलं, त्याच्या नावातच ते जुनं असल्याचं लिहिलेलं. त्यांनी ते पुसून टाकलं. मी म्हटलं, बाई, तीच तर तुमची परत यायची वाट होती. त्या म्हणाल्या, "जुनं काढल्याशिवाय घरात लक्ष्मी कशी येईल?"

आणि विंचूरचे एक कांदा व्यापारी. त्यांच्या मुलाने हौसेने अकरा नंबर चढवला आणि वजनकाट्याची पावती निघेनाशी झाली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि आत हे कपाळाला हात लावून. "मॅडम, लय हळू चालतंय. अन् पावतीच निघंना." मी जुनी सिस्टिम परत आणून दिली, पावती निघाली. मी निघताना ते हळूच म्हणाले, "आतून जुनंच राहू द्या. पण वरून नवीन दिसंल असं काय करता येतं का? पोराला बरं वाटंल." मी पडद्यावरचं चित्र बदलून दिलं. सगळे खूश. पुढे माझ्या लक्षात आलं की कांद्यापासून लग्नापर्यंत आपल्याकडची बहुतेक कामं याच पद्धतीने होतात.

असले प्रकार बघून बघून मी एक सवय लावून घेतली. गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावायच्या आधी त्याच्या सगळ्या डिस्कची एक हुबेहूब प्रत काढून ठेवायची, सिस्टिमसकट, आणि ती माझ्या कपाटात वर्षभर सांभाळायची. यात वेळ जातो, आणि यासाठी कुणी शाबासकी देत नाही. पण उद्या काहीही झालं तरी ती प्रत मशीनमध्ये ओतली की गेलेला दिवस परत आणता येतो. माझ्याइतक्या निगुतीने हे काम करणारं नाशिकमध्ये फारसं कुणी नाही. स्वतःच्या तोंडाने सांगायला नको, पण दुसरं कोण सांगणार?

तर आता नाना.

नाना म्हणजे पंचवटीतले एक गुरुजी. सत्तरी ओलांडलेले, ताठ, कमी बोलणारे. गोदाघाटावर बाहेरगावच्या यात्रेकरूंची श्राद्धं आणि इतर विधी करणं हा त्यांच्या घरचा पिढीजात व्यवसाय. पण गावात त्यांचं नाव होतं ते पत्रिकेसाठी. लग्न ठरवताना मुलाच्या आणि मुलीच्या पत्रिका जुळवून बघतात. छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते मोजतात. नानांनी फार वर्षांपूर्वी यासाठी एक प्रोग्रॅम घेतला होता. सुरू झाला की आधी गणपती दाखवायचा आणि मग निकाल. नानांनी सुरुवातीला शेकडो पत्रिका हाताने मांडून त्याच्याशी ताडून बघितल्या आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून अर्ध्या पंचवटीत 'नानांचा कॉम्प्युटर काय म्हणतो' हा शेवटचा शब्द होता. नाना खोटं सांगत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मुलीच्या बापाने हात जोडले तरी अर्धा गुण वाढवून देणार नाहीत.

घरात तिघं. नाना, त्यांची थोरली बहीण आक्का, आणि नात सायली. सायलीचे आईवडील नोकरीसाठी परदेशात, म्हणून ती कॉलेजपासून आजोबांकडेच. आता एका कंपनीत इंजिनियर होती आणि तिथल्याच एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा सटाण्याकडचा, शेतकरी घरातला, नाव राहुल. आईवडिलांनी फोनवर "नाना म्हणतील तसं" म्हणून हात झटकले होते. श्रावणात राहुल घरी येऊन सगळ्यांच्या पाया पडून गेला. आक्का म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे. पत्रिका जुळली तर माझं काही म्हणणं नाही."

जातीबद्दल आमच्याकडे हल्ली कुणी बोलत नाही. त्यासाठी पत्रिका असते.

सायलीने फोनवरच्या एका अॅपमध्ये दोघांच्या जन्मवेळा घालून बघितल्या तर सत्तावीस गुण आले. ती हरखून गेली. आक्कांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "फोनवरचं मला नको. नानाच्या कॉम्प्युटरवर येऊ दे." दुसऱ्या गुरुजींकडे जायचा प्रश्नच नव्हता, कारण ज्या घरी सगळं गाव पत्रिका घेऊन येतं त्या घरची पत्रिका बाहेर नेणं म्हणजे नानांचा अपमान. हाताने मांडायला नानांनीच नकार दिला. "मी मांडली तर लोक म्हणतील आजोबाने नातीसाठी मांडली. यंत्राला नात नसते."

हे सगळं मला सायलीने फोनवर सांगितलं, ते पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी. कारण आदल्या दिवशी, पौर्णिमेला, नानांचा कॉम्प्युटर अकरा नंबरवर गेला होता आणि तो प्रोग्रॅम काही केल्या उघडत नव्हता. गणपतीसुद्धा दिसत नव्हता.

"काकू, तुम्ही आजच येता का?" ती म्हणाली. "नानांनी चुकून ते बटण दाबलं. आता आक्का म्हणतेय की हा अपशकुनच आहे."

मी तिला दहा दिवसांचं गणित समजावलं आणि म्हटलं, नानांना फोन दे.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दहा दिवस. म्हणजे दशमीपर्यंत."

"हो. त्याच्या आत एक बटण दाबायचं आहे फक्त. अर्ध्या तासाचं काम."

"मॅडम, आता पितृपंधरवडा लागला. घाटावर मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तुम्ही असं करा, घट बसले की या."

"नाना, तोवर दहा दिवस होऊन जातील. तुम्ही नसलात तरी चालेल. सायली असेल ना घरी, मी येऊन करून जाते."

"नको. ते यंत्र देवघराशेजारी आहे आणि या दिवसांत आमच्याकडे सोवळं कडक असतं. घट बसले की या."

मी फोन ठेवला आणि चडफडले. जो माणूस एका दमात दशमी मोजतो त्याला पुढचं मोजता येत नाही? मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे, भोगेल. पुढच्या दहा दिवसांत सायलीचे चार फोन आले. तिने लपूनछपून मला घरी न्यायचंही सुचवलं. पण देवघराशेजारी गिऱ्हाइकाच्या मर्जीविरुद्ध जाणं माझ्याने झालं नसतं. दशमी गेली. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आता काय होणार, काकू?" मी म्हटलं, बघू.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी पंचवटीत पोचले. वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. देवघरात घट बसलेले, समई तेवत होती, आणि बाजूच्या खोलीत कॉम्प्युटर. आक्का खुर्ची ओढून अगदी परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशा बसल्या होत्या. सायलीने ऑफिसला दांडी मारली होती. नाना दारात उभे.

मी मशीन सुरू केलं. मागे जायचं बटण मेलेलं होतं. अपेक्षितच होतं.

"मुदत संपली," मी म्हटलं. "मशीनने जुनी सिस्टिम टाकून दिली."

"मग आता इलाज नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मला त्या वेळी निराश वाटला. माणूस आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकतो.

"इलाज आहे."

"नाही, जमत नसेल तर राहू द्या. तुमचा वेळ कशाला घालवायचा."

झालं. जमत नसेल तर. मी बॅगेतून माझी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की उन्हाळ्यात यांच्या मशीनची जुनी डिस्क बदलली होती तेव्हा मी सगळी प्रत काढून ठेवली आहे. सिस्टिम, प्रोग्रॅम, गणपती, सगळं. सायलीने माझा हातच धरला. आक्का म्हणाल्या, "बाई मोठी हुशार आहे हो."

नानांनी त्या डिस्ककडे बघितलं. मग म्हणाले, "पण ती उन्हाळ्यातली. नंतरचं माझं काम जाईल ना त्यात."

"नाही जाणार. ते आधी बाजूला काढून ठेवते, मग परत घालून देते."

"मशीन जुनं आहे. त्याला त्रास नको. खरंच जमत नसेल तर..."

"नाना," मी म्हटलं, "जमतं."

वास्तविक तिथेच मला कळायला हवं होतं. मशीनला त्रास नको, असं माझ्या सगळ्या कारकिर्दीत एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. लोक मशीनला थपडा मारतात. पण माझ्या डोक्यात पंचवीस वर्षांचे सगळे हाताची घडी घालून उभे राहिलेले पुरुष गोळा झाले होते, आणि त्या सगळ्यांना मी एकदम उत्तर देणार होते. मी पदर खोचला आणि कामाला लागले.

काम सुंदर झालं. नानांच्या अलीकडच्या फायली बाजूला काढल्या. मशीन पेनड्राइव्हवरून उठवलं, म्हणजे घरमालकाला झोपवून मागच्या दाराने घर उघडलं म्हणा. मग नवी सिस्टिम पुसून जुनी प्रत आत ओतली. एकदा अडकलं, प्रतीची जागा आणि मशीनमधली जागा जुळेना, ती मी जुळवून घेतली. नंतर मशीन पहिल्यांदा जुन्या आवाजात सुरू झालं तेव्हा आक्कांनी देवघराकडे बघून हात जोडले. मला वाटलं, निदान अर्धा नमस्कार माझ्याकडे यायला हरकत नव्हती. प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली. गणपती आला.

"बस, नाना," आक्का म्हणाल्या.

नाना बसले. दोघांच्या जन्मतारखा आणि वेळा त्यांना पाठ होत्या. ते एका बोटाने टाइप करतात. सायलीचं झालं. राहुलची तारीख झाली. जन्मवेळेपाशी त्यांचं बोट थांबलं. मी त्यांच्या अगदी शेजारी होते, मला दिसत होतं. तिथे एक आकडा इकडचा तिकडे केला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. आक्कांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं आणि यंत्राला काय, जे घालाल ते खरं. बोट बराच वेळ तसंच वर होतं. मग त्यांनी खरी वेळ घातली.

निकाल आला. गुण वीस, म्हणजे पास होण्याइतके. पण खाली लाल अक्षरांत 'एकनाड'. दोघांची नाडी एकच निघाली की जुन्या मंडळींच्या लेखी बाकीचे गुण कितीही असोत, तिथे विषय संपतो. नानांनी ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं, जसं ते कुणाही परक्याच्या मुलीचं वाचून दाखवतात.

सायली भिंतीला टेकून खालीच बसली. सगळ्यांत जास्त धडपड तिने केली होती हे यंत्र परत आणायला, आणि तिच्यानंतर मी.

"म्हणजे फोनवरचं खोटंच होतं," आक्का म्हणाल्या.

"खोटं नाही. चंद्र नक्षत्राच्या अगदी काठावर आहे. त्यांचं गणित वेगळं, आपलं वेगळं. आपल्या गणिताने एकनाड आहे." नाना खुर्ची फिरवून बसले. "आक्का, हे मला श्रावणातच दिसलं होतं. राहुल येऊन गेला त्याच संध्याकाळी मी बघितलं."

"आणि मग बोलला का नाहीस?"

"खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. रोज तेच. मग पौर्णिमेला हे यंत्र विचारू लागलं, नवी सिस्टिम घेता का. म्हटलं, घे बाबा."

आता माझं ऐका. ज्या दहा दिवसांवरून मी चडफडत होते ते त्यांनी नीट मोजून घालवले होते. आयुष्यभर लोकांना मुहूर्त साधून देणाऱ्या माणसाने एक मुहूर्त जाणूनबुजून टाळला होता, तोही खोटं बोलायला लागू नये म्हणून. सगळं जुळून आलं होतं. कॉम्प्युटर बिघडला, मुदत गेली, आता कुणाला काही बघताच येत नाही, तर होऊ द्या लग्न. यात फक्त एकच गोष्ट त्यांनी धरली नव्हती, ती म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या कामाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि काम तर काडीचंही चुकलेलं नव्हतं.

"पत्रिका जुळत नाही," नाना म्हणाले. "लग्न होईल. मुहूर्त मी काढून देतो."

सायलीने वर बघितलं.

आक्कांनी आवाज चढवला नाही. त्या आवाज चढवणाऱ्यातल्या नाहीत. "हे आधीच म्हणायचं होतंस, माझी काय टाप होती? पण मग कापडपेठेतल्या त्या मुलीचं काय? हीच एकनाड म्हणून तू मोडलंस तिचं. त्या मुलाचं दुसरीकडे झालं. ती राहिली तशीच. इथूनच रडत गेली होती, याच जिन्याने."

"दर सोमवारी दिसते मला कपालेश्वराच्या पायऱ्यांवर," नाना म्हणाले. "नमस्कार करते."

मग ते माझ्याकडे वळले. थट्टेने नाही, चिडूनही नाही; एखाद्या कामाची माहिती विचारावी तसं विचारलं. "मॅडम, ते नेता येतं का मागे?"

मी नाही म्हटलं. मी बॅग भरून जिना उतरले.

चार दिवसांनी नानांचा फोन आला. मला वाटलं, ऐकवणार. ते म्हणाले, "जरा येऊन जा. ते यंत्र परत अकरावर न्यायचं आहे."

मी गेले. दार सायलीने उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की घरातलं मिटलं आहे. आक्का आत पोळ्या करत होत्या आणि मार्गशीर्षातच तारीख काढा, पौषात माझे गुडघे धरतात, असं ओरडून सांगत होत्या. हीच त्यांची संमती.

मी म्हटलं, "नाना, अकरावर नेलं की तो प्रोग्रॅम चालणार नाही. माहीत आहे ना?"

"म्हणूनच. हे समोर असलं की लोक विचारणार. विचारलं की मी खरं सांगणार. मला दुसरं येत नाही. तेव्हा समोर नकोच. आणि तुमच्याकडची ती प्रत असेल ना, तीही पुसा. नाहीतर उद्या कुणीतरी तुम्हाला घेऊन येईल, आणि तुम्हाला जमतं."

शेवटचे तीन शब्द ते हसून बोलले. एवढी पावती आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, आणि तीही काम करू नका म्हणून.

"लोकांना काय सांगाल?"

"मुहूर्त काढून देईन. पूजा सांगेन. गुण विचारायला आले तर सांगेन, माझ्या नातीचे जुळले नव्हते आणि मी लग्न लावलं. तुमचं तुम्ही ठरवा."

मी मशीन अकरावर नेलं आणि कोपऱ्यातली ती दहा दिवसांची गुंडाळीही लगेच फेकून दिली. मग माझी डिस्क जोडली आणि त्यांच्यासमोर ती प्रत पडद्यावर आणली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची चांगली प्रत पुसणं हे पाप समजतात, आणि मी ते कधी केलं नव्हतं. मी बाण पुसायच्या बटणावर नेला आणि माउस त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी मान हलवली. "यंत्राचं तुम्ही बघा. माणसांचं मी बघतो."

मशीनने विचारलं, हे कायमचं जाईल, परत आणता येणार नाही, नक्की पुसायचं का? मी लोकांना कायम सांगत आलेय की हा प्रश्न आला की हात आवरा, नीट वाचा आणि मगच दाबा. मी हात आवरला, नीट वाचलं आणि हो म्हटलं.